पाठीवर किती घ्यायचं

सॅकच्या वरच्या पट्ट्यात दोन बोटं अडकवायची, ती जमिनीपासून वीतभर उचलायची, डोळे मिटायचे आणि जरा थांबून म्हणायचं, "अजून वाळली नाय." मग सॅक खाली ठेवून तिच्या मालकाकडे असं बघायचं, की त्यानं आपण होऊनच चेन उघडावी.

भाऊंचा हा कार्यक्रम पेणच्या एस.टी. स्टँडवर भर गर्दीत चालायचा. उघडलेल्या सॅकमधून जादा स्वेटर, दुसरा टॉवेल, आईनं बळेच दिलेला लाडवांचा डबा वगैरे बाहेर यायचं आणि स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेव म्हणून जायचं. लाडू परत मिळत नसत. बाकी सगळं मिळे.

"वाळली नाय" हा शब्द त्यांच्या घरचा. भाऊ हमरापूरचे. घराघरांत गणपती करायचं गाव. तिथं शाडूची कच्ची मूर्ती रंगवायला घेण्याआधी हातांत उचलून बघतात. आत ओल असली की मूर्ती जड लागते, आणि ओल्या मूर्तीवर रंग लावला की त्याचे पोपडे निघतात. भाऊंच्या घरात तीन पिढ्या हेच उचलून बघण्यात गेल्या. भाऊ स्वतः रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला कारकून झाले, तरी जगातली कुठलीही जड वस्तू त्यांच्या लेखी ओलीच राहिली. मोठ्या साहेबांच्या भाषणाबद्दलही त्यांचं मत हेच होतं.

मी त्याच कंपनीत, अकाउंट्सला. कंपनीच्या बसमध्ये आम्ही रोज शेजारी बसायचो. नव्वदनंतरची ती चार-सहा वर्षं. माझ्या हातात पुस्तक असे म्हणून भाऊ मला 'पुस्तकवाले' म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा आम्ही पाच-सहा जण शनिवारी दुपारी निघून एखाद्या डोंगरावर रात्र काढायचो. पहिल्याच वेळी मी एक जाडजूड कादंबरी बरोबर घेतली होती. भाऊंनी ती हातात तोलली.

"किती वाचून झालीय?"

"अर्धी."

"मग अर्धी घरी ठेवायची ना. वाचलेली पानं कशाला वागवता?"

पुस्तक मधोमध फाडावं असं सुचवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तुम्ही पाहिला असेल तर सांगा, आपण त्या दोघांची ओळख करून देऊ.

एका रात्रीसाठी सॅक किती जड असावी, याचं भाऊंचं माप असं होतं: सॅक पाठीवर घ्यायची, उकिडवं बसायचं, हात न टेकता उठायचं आणि उठल्या उठल्या बायकोला हाक मारायची. आवाज रोजचा आला तर ठीक. धाप लागली तर चेन उघडा. ज्यांची लग्नं व्हायची होती त्यांनी आईला हाक मारावी, अशी सवलत होती. स्टँडवर आम्ही एकेक जण उकिडवे बसून उठून "अगोऽ" म्हणत असू, आणि अलिबागच्या गाडीची वाट बघणारे लोक आपली पोरं जवळ ओढत.

हे माप काही दर वेळी बरोबर ठरलं असं समजू नका. एकदा अवचितगडाला निघताना तिघांच्या सॅकमधून मिठाच्या पुड्या निघाल्या. भाऊ खवळले. "मीठ तिघांकडं कशाला? एकानं घ्या!" तिघांनीही पुड्या चहावाल्याकडे ठेवल्या, प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर. आमच्यातल्या एकाच्या घरचं खाडीला मिठागर होतं. त्याच्यासकट सगळ्यांनी गडावर अळणी डाळभात खाल्ला. भाऊ पहिल्या घासाला थांबले, दुसऱ्या घासाला म्हणाले, "सुकटीत हाय ना मीठ," आणि पुढे जेवणभर फक्त सुकटीकडे बघत राहिले.

आता हा माणूस ओझ्याबद्दल एवढा काटेकोर का होता, ते सांगायला हवं. त्यानं ते कधी लपवलं नव्हतं.

वहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची, डावी बाजू गेली होती. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असताना एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. उजवा हात वाचला, बोलणं वाचलं, आणि बोलण्याची धार होती तशीच राहिली. त्या हमरापुरात मूर्तीचे डोळे काढण्यासाठी नावाजलेल्या. मूर्ती कोणीही रंगवतं. डोळे काढायला मात्र हात लागतो. आजारानंतरही लोक मूर्ती त्यांच्याकडेच आणत. खिडकीशी लोडाला टेकवून बसवलं की त्या उजव्या हातानं डोळे काढत. रोज सकाळी बस गाठण्याआधी भाऊ त्यांना उचलून खिडकीशी बसवायचे, संध्याकाळी परत उचलून खाटेवर निजवायचे. मधलं जेवणपाणी शेजारची चुलत जाऊ बघायची. उचलायचं काम भाऊंचं. दुसऱ्या कोणी हात लावलेला वहिनींना चालत नसे.

"मी काय शाडूची गोणी हाय, येईल त्यानं उचलायला?" असं त्या म्हणायच्या.

त्यामुळे भाऊंना दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. एक पाठ आणि दुसरी जनरल शिफ्ट. रात्रपाळीतून त्यांना कंपनीनं सूट दिली होती, ती दर वर्षी पर्सोनेल ऑफिसरच्या सहीनं पुढे चालू व्हायची. डोंगरावर भाऊंची सॅक सगळ्यांत हलकी असे. एक चादर, तांदूळ, टॉर्च, पाण्याची बाटली. कोणी टोमणा मारला तर ते शांतपणे म्हणत, "माझी पाठ बुक हाय."

मग जाताच कशाला डोंगरावर, असं मी एकदा वहिनींसमोरच त्यांना विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं. "जाऊ दे, भावजी. वर्षभर मला उचलतात. एक दिवस सोताला उचलू दे. मी राहीन आडवी."

त्या वर्षांत कंपन्यांना अचानक नेतृत्वाची टंचाई भासू लागली होती. आमच्याकडे नवे पर्सोनेल ऑफिसर आले, तरुण, टाय लावणारे आणि खरं सांगायचं तर स्वभावानं वाईट नसलेले. त्यांनी सुरगडावर एका रात्रीचं नेतृत्व शिबिर जाहीर केलं. निळ्या टोप्या आल्या, शिट्ट्या आल्या, कापडी फलक आला. वाट दाखवायला म्हणून भाऊंचं नाव यादीत गेलं, आणि भाऊंमागून आमचं.

साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की सॅकचं वजन माणसाच्या वजनाच्या अमुक एका हिश्श्याइतकं असावं. त्यासाठी गोदामातल्या, केमिकलची पिंपं मोजायच्या काट्यावर आम्हाला एकेक करून उभं केलं. हिशेबात असं निघालं, की सगळ्यांत जड सॅक न्यायचा मान परचेसच्या जाडजूड मॅनेजरांचा. ते जिना चढतानाही मधे थांबत.

"बरोबर हाय," भाऊ मला हळूच म्हणाले. "पोट फुडं, सॅक मागं. बैलगाडी लेवल."

साहेबांच्या स्वतःच्या सॅकमध्ये टेपरेकॉर्डर होता, त्याच्या बॅटऱ्या होत्या, घडीची खुर्ची होती, चर्चेसाठी कागदांचा गठ्ठा होता आणि उत्कृष्ट नेत्याला द्यायची पितळी ढाल होती. भाऊंनी दोन बोटं घातली. ती सॅक वीतभरही उठली नाही. "साहेब, हिची माती तर आजच मळलेली दिसते," ते म्हणाले. साहेबांना ते कळलं नाही. हसून ते म्हणाले, "गुड, गुड."

खांब गावाला बसमधून उतरलो आणि गड चढलो. साहेबांची सॅक वर पोचली ती आळीपाळीनं, इतरांच्या पाठीवरून. ज्याच्या पाठीवर ती असेल त्याच्या अंगी त्या वेळी नेतृत्व बाणत असावं. भाऊ वाट दाखवायला पुढे होते, त्यांच्यापर्यंत ती पाळी आली नाही. रात्री भाषण झालं, गाणी झाली, ढाल परचेसच्या मॅनेजरांना मिळाली, आणि ती त्यांना पेलवेना म्हणून पुन्हा साहेबांच्याच सॅकमध्ये गेली.

सकाळी उतरताना घसाऱ्यावर साहेबांचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. एका बाजूनं मी त्यांना खांदा दिला, दुसऱ्या बाजूनं लॅबमधला एक जण. बाकीच्यांच्या पाठीवर आपापली ओझी, शिवाय पातेली, फलक, काठ्या. राहिली साहेबांची सॅक. ती करवंदीच्या जाळीत ठेवू, खालच्या गावातून कोणालातरी पाठवून मागवू, असं मी म्हणालो.

"नको, कंपनीची मालमत्ता आहे," साहेब म्हणाले. दुखण्यानं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "भाऊ, तुमच्याकडे तर फारसं काही नाही. घ्याल ना प्लीज?"

त्यांनी हुकूम केला नाही, विनंतीच केली. रात्रपाळीच्या सवलतीचा कागद त्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर जायचा होता, हे त्यांच्या ध्यानातही नसेल. भाऊंच्या होतं.

"साहेब, यांची पाठ..." मी बोलायला लागलो.

"असू दे, पुस्तकवाले," भाऊ म्हणाले. "हलका माणूस मोकळा दिसतो, त्याला साहेब काय करतील?"

त्यांनी आपली चपटी सॅक छातीवर अडकवली, साहेबांची पाठीवर घेतली, आणि उकिडवे बसलेले भाऊ उठताना जमिनीला हात टेकून उठले. एका हातानं नव्हे, दोन्ही हातांनी. मग चालायला लागले.

खालच्या गावात त्यांनी सॅक उतरवली, पण त्यांची पाठ सरळ झाली नाही. बसमध्ये ते पेणपर्यंत दांडा धरून उभे राहिले. मी रिक्षा करून त्यांना हमरापूरला नेलं.

वहिनी आदल्या दुपारपासून आडव्या होत्या. "आलात? बसवा मला आधी. पडून पडून अंग आंबलं."

भाऊ खाटेशी गेले, वाकले, दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली घातले आणि तसेच थांबले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय आणलंत पाठीवर?"

"काय नाय गो."

"भावजी, तुम्ही बोला."

मी सांगितलं. टेपरेकॉर्डर, खुर्ची, ढाल.

"ढाल?" वहिनी म्हणाल्या. "कोनाशी लढाई होती?"

मी उचलू का, असं विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "यांना बरं वाटंल तवा बसंन मी." भाऊंचे हात त्यांच्या पाठीखालून काढायला मलाच मदत करावी लागली.

भाऊंना बरं वाटलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढला आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं. साहेबांनी आभाराचं पत्र पाठवलं, टाइप केलेलं, 'संघभावना' हा शब्द दोनदा असलेलं. रात्रपाळीची सवलतही त्यांनी आनंदानं कायमची करून दिली. आता भाऊ रोज संध्याकाळी वेळेवर घरी पोचू शकत होते. पोचून काय करायचं, हा भाग पत्रात नव्हता. भाऊ पुढे डोंगरावर आले नाहीत, आणि मग आम्हीही जाईनासे झालो. कोणाच्या सॅका कोण तपासणार?

पावसाळा आला. हमरापुरात मूर्ती वाळायला लागल्या, रंगायला लागल्या. वहिनी आडव्याच. जाऊबाई कुशीवर वळवायच्या तेवढंच. आडव्या अंगानं डोळे काढता येत नाहीत, रेघ उतरते. मूर्ती घेऊन येणारे दारातूनच बघून परत जायला लागले. भाऊंना मी बसमध्ये काही विचारत नसे, तेही खिडकीबाहेर बघत असत.

श्रावणात एका रविवारी निरोप आला, वहिनींनी बोलावलंय. गेलो तर माहेरहून त्यांचा सख्खा भाऊही आलेला. ओटीवर रंगवलेल्या मूर्तींची रांग होती, सगळ्या सुंदर आणि सगळ्या आंधळ्या.

"उचला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दोघं. मी तरी किती दिस रुसायचं?"

आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो. इतकी वर्षं भाऊ ज्याच्यासाठी पाठ राखून होते ते ओझं, म्हणून मी पाय रोवले, श्वास भरून घेतला आणि जोर लावला. वहिनी जवळजवळ हवेतच गेल्या. त्यांच्यात काहीच उरलं नव्हतं.

"हळू हो, भावजी! कौलांना लावताय की काय?"

आम्ही त्यांना खिडकीशी टेकवलं, लोड सारखा केला आणि बाजूला झालो. मागे वळून बघितलं तर भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पुढे, तळवे वर. आम्ही उचललं तेव्हा त्यांनीही उचललं असावं. आता वहिनी बसल्या होत्या, तरी ते हात खाली आले नव्हते.

जाऊबाईंनी पहिली मूर्ती पुढ्यात ठेवली. वहिनींनी कुंचला उचलला, त्याचं टोक ओठांत ओलं केलं. मग वाटीतला काळा रंग ढवळला, आणि ती वाटी भाऊंच्या पसरलेल्या हातांत ठेवली.

"धरा," त्या म्हणाल्या. "आनि हलू नका."

भाऊंनी ती वाटी दोन्ही हातांत धरली. संध्याकाळचा उजेड जाईपर्यंत ते तसेच उभे होते.