बरणीतलं मटण आणि ओला चमचा

बायकोच्या मटणाच्या लोणच्यावर बोटभर तेल उभं असतं. त्याखाली तिचे कष्ट मुरत असतात आणि माझ्यासारख्या आळशाचा स्वयंपाक दहा मिनिटांत होतो. उकडलेल्या बटाट्यात दोन चमचे लोणचं घातलं की रस्सा तयार.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पलंगावरून उतरायलाच घाबरत होती. चाल म्हणून सांगून डॉक्टर थकले, मुलं थकली. काल मी चमचा नळाखाली धुतला आणि तसाच बरणीत घालणार, तोच मागून आवाज आला,

"अहो, ओला चमचा! अख्खी बरणी नासवाल!"

वळून पाहतो, तर भिंत धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी!

"सरका. द्या इकडे."

मी चमचा तिच्या हाती देऊन सरकलो. संसारात इतक्या चुका केल्या, पण कामी आलेली ही पहिलीच.