माती उडायला लागणारा वारा

पोटापाण्यासाठी मी धूळ उडवते. म्हणजे पुण्यातल्या एका संस्थेत संगणकापुढे बसते आणि जमिनीवर वारा सोडते. जमीन किती उघडी, किती ओली, तिचे कण केवढे, आणि ती माती जागची हलायला कमीत कमी केवढा वारा लागेल, एवढं सांगितलं की पडद्यावर पिवळसर लोट उठतात. ते पुढे हवामानाच्या मोठ्या गणितात जातात, कारण हवेतली धूळ ऊन अडवते, ढगांत लुडबुड करते. दुपारच्या जेवणानंतर त्या लोटांकडे बघत राहिलं की आपण खुर्चीत आहोत याचा विसर पडतो. वाळवंटं सावकाश समुद्रावर निघतात, आणि मी पोलादपूरला जाते.

तिथल्या उमरठ गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे आप्पा, म्हणजे माझे वडील, एकटे राहतात. आई मुंबईला माझ्या भावाकडे नातवंडं सांभाळते. आप्पांचे गुडघे गेलेत, धाप लागते, तेव्हा त्यांनीही मुंबईला यावं असं भावाचं म्हणणं. दर दिवाळीला यावरून तोंडातोंडी व्हायची. शेवटी आप्पांनीच अट घातली. "ज्या साली माझ्याच्यानं राब भाजवणार नाय, त्या साली येतो. तवर नाव काढू नको."

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजून ठेवलेली जमीन. शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर द्यायचे, वर बारीक माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. मग आग धावत नाही, मुरत मुरत जाते. वरची माती आप्पा बांधाखालून आणतात आणि तळहातावर घेऊन फुंकर मारतात. हलक्या फुंकरीने उडाली तर ती टाकून दुसरी घेतात. लहानपणी मी शेजारी उभी राहून शिंकत असे. पुढे याच फुंकरीवर मला पगार मिळेल असं कुणी म्हटलं असतं, तर आप्पांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

नोकरीच्या सुरुवातीला एकदा माझ्या पडद्यावर मे महिन्यात आमचेच डोंगर धुमसायला लागले. दासगावपासून घाटापर्यंत सगळा पट्टा धूळ ओकत होता. उपग्रहाला डोंगर तपकिरी दिसला, म्हणून गणिताने तो सगळा सुटी माती धरला होता. मी आप्पांना फोन केला, तर ते हसायलाच लागले.

"कोण म्हनतो उडते? पावसानं थापलेली माती ती, वर खपली धरते. गुरं फिरली, गाडी गेली, तर उठंल. नुसत्या वाऱ्याला दाद देत नाय."

हे मी कचेरीत मांडलं तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, पुरावा काय? माझा आवाज चढला. तो लवकर चढतो, आणि चुकीचा आकडा दिसला की खाली येतच नाही. त्या खपलीचे नमुने आणून मी तपासले, आकडा बदलून घेतला, आणि आमचा डोंगर शांत झाला. तेव्हापासून दर रविवारी आप्पा मला फोनवर वारा सांगतात आणि मी तो लिहून घेते.

एका उन्हाळ्यात मी वाडीवर होते. सकाळपासून समोरची डोंगररांग पुसट होत गेली, मग खालचं खोरंही दिसेनासं झालं. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येत होतं. मी म्हटलं, "आप्पा, ही धूळ आपली नाही. समुद्रापलीकडून, अरबस्तानातून आलीय." ते ओटीवरून उठले, अंगणातल्या केळीच्या पानावर बोट फिरवून बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. मी ओटी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. येवढ्या लांबचा पावना हाय, बसू दे." त्या पिवळट उजेडात आम्ही दोघं दिवसभर ओटीवर बसून होतो. इतकं सुख मला नंतर क्वचितच लाभलं.

उपग्रहाचं नवं चित्र दर चार-पाच दिवसांनी येतं. कामाची धूळ बघून झाली की मी चोरून आमच्या डोंगरावर जाते. एप्रिल-मे महिन्यांत वाडीखाली काळे ठिपके उमटतात, ते भाजलेले राब. सगळ्यात वरचा, आंब्यालगतचा, तो आमचा. तो दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

यंदा मे संपत आला. खालचे ठिपके उमटले, वरचा काही उमटेना. मी एकामागून एक चित्रं उघडली. कुठे ढग नव्हता, धूसर नव्हतं. जागा तपकिरीच होती.

रविवारी फोन केला तर मी विचारायच्या आधीच आप्पा म्हणाले, "राब भाजला गो बाय. बेस भाजला. सकाळचा घाटावरचा वारा व्हता, बारीक. आग कशी मुंगीच्या पावलानं गेली." एवढं सांगताना ते दोनदा दमासाठी थांबले. ती जागा माझ्यासमोर पडद्यावर उघडी होती, तपकिरीच. या माणसाने मला आजवर एकदाही खोटा वारा सांगितला नव्हता.

"लिवलंस का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं, आप्पा."

तासाभराने भावाचा फोन आला. "आप्पा म्हणतात राब भाजला. मला काय ते खरं वाटत नाही. नसेल भाजला तर पावसाआधी जाऊन घेऊन येतो त्यांना. तुला तर वरून दिसतं ना सगळं? बघ जरा."

मी चित्र अजून मिटलं नव्हतं.

"दिसतोय की," मी म्हणाले. "काळाभोर."