लाल खिडकीच्या अलीकडे

वेगाची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. मंदगतीची महती क्वचितच कोणी गातो. 'मंद' या शब्दाला तर आपण बुद्धीची उणीवच चिकटवून ठेवली आहे. वस्तुतः वृक्षाची वाढ मंद, नक्षत्रांचे सरकणे मंद, आणि वाऱ्या-पावसाने पाषाणात कमान कोरण्याचे कर्म तर इतके मंद, की आपले सारे वंशवृक्ष त्याच्या एका निःश्वासात मावावेत. अशा पाषाणांच्या सान्निध्यात ज्याला राहायचे आहे, त्याची चाल विनम्र असावी लागते. युटा या अमेरिकी राज्याच्या दक्षिणेकडल्या आमच्या विलो टँक गावात ही विनम्रता एका बाईच्या पावलांत वसत होती. तिचे नाव आर्डेथ लुंड.

शाळेच्या स्वयंपाकघरात ती पाव भाजत असे. अंगाने थोराड, आवाज घोगरा, हसली की खांदे हलत. ईस्टरच्या शनिवारी गावातली कुटुंबे पोराबाळांसह तांबड्या खडकांत जात. रंगवलेली अंडी गुळगुळीत उतारावरून गडगडत सोडायची, जर्दाळूचा मुरंबा लावलेला पाव खायचा, आणि दुपार कलल्यावर लाल खिडकीकडे निघायचे. लाल खिडकी म्हणजे कड्यातली कमान. मावळतीचा सूर्य तिच्यातून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडतो, आणि ती भिंत काही क्षण निखाऱ्यासारखी आतून पेटते. त्या वेळी तिथे कोणी बोलत नाही. तान्ही मुलेसुद्धा रडायची थांबतात.

या वाटेवर आर्डेथचा एक दंडक चाले. सर्वांत लहान मूल पुढे. त्याला कोणी ओलांडायचे नाही, आणि त्याने स्वतः म्हटल्याशिवाय त्याला उचलायचेही नाही. ती लहान असताना तिचा धाकटा भाऊ लाइल याच वाटेवर मागे राहून हरवला होता. सायंकाळी एका कपारीत तो सापडला, धडधाकट. पण ती दुपार आर्डेथच्या मनातून कधी गेली नाही. पुढे चालणारे मूल हरवत नाही, एवढे तिला ठाऊक होते. गावाने आधी थट्टा केली, मग तो दंडक आपलासा केला.

तिचा नवरा ऑर्व्हल याने आयुष्यभर परगण्याचे कच्चे रस्ते सपाट करणारे यंत्र चालवले. त्याची दृष्टी विझू लागली होती. पुढच्या वसंतापर्यंत फार काही उरणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या ईस्टरच्या शनिवारी सकाळी, इथल्या धर्मरीतीप्रमाणे कॉफीऐवजी गरम कोको पिता पिता तो म्हणाला, "आर्डेथ, मला आज तो उजेड दाखव. तुला मागणी घातली तेव्हा होता ना, तोच."

"तेव्हा तू उजेडाकडे कुठं बघत होतास?" ती म्हणाली.

"म्हणूनच तर बघायचा राहिलाय."

त्या वर्षी पुढे चालण्याचा मान टॅम्सिनचा होता. लाइलचा मुलगा किंबॉल, त्याची ही मुलगी, वय चार. ती प्रत्येक सरड्याला नमस्कार करी, प्रत्येक खडा उचलून पुन्हा नीट ठेवी. मात्र पावलाखाली मोडणाऱ्या, सूक्ष्म जीवांनी सांधलेल्या काळ्या, खरबरीत, जिवंत मातीवर पाय पडू नये म्हणून ती उघड्या खडकावरूनच चाले. तेवढे इथल्या मुलांना उपजतच कळते.

"आत्या, या चालीनं आपण पुढच्या ईस्टरला पोचू," किंबॉल म्हणाला.

"मग अंडी तिथंच उकडू."

"माझं यंत्र हिच्यापेक्षा जलद होतं," ऑर्व्हल म्हणाला, "आणि ते तर रस्ता करत चालायचं!"

सगळे हसले. ऑर्व्हलही हसला, पण कपाळावर हात धरून तो पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहत होता.

कडा जवळ आला, आणि टॅम्सिन वाट सोडून उजवीकडच्या खडकावर गेली. तिथे एका खोलगट भागात पावसाचे पाणी साचले होते. काठावर ती पालथी पडली आणि तिथून हलेना.

किंबॉल वैतागला. "आत्या, मी तिला खांद्यावर घेतो. नाहीतर काकांना तरी पुढे नेतो. अजून वेळ आहे."

आर्डेथने कललेल्या सूर्याकडे पाहिले. मग नवऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकत ती म्हणाली, "जा ऑर्व्हल. मी थांबते हिच्यापाशी. वाट मोकळी आहे तुला."

तिने तो दंडक मोडल्याचे गावाने प्रथमच पाहिले. ऑर्व्हल किंबॉलच्या दंडाला धरून निघाला. तेवढ्यात मागून हाक आली, "आजोबा, याला तीन डोळे आहेत! या ना लवकर!"

तो थांबला. कमानीकडे वळला, पाण्याकडे वळला.

"तीन? मग एखादा उसना मागून बघतो," असे म्हणत तो परतला आणि तापलेल्या खडकावर मुलीशेजारी पालथा झाला. नाक पाण्याला टेकायला आले तेव्हा त्याला दिसले: नखाएवढी ढाल, दोऱ्यासारखी शेपटी, दोन डोळे आणि त्यांच्यामध्ये तिसरा बारीकसा. त्र्यंबकाचे हे अणुरूप! कोळंबीच्या कुळातल्या या प्राण्याची अंडी कोरड्या धुळीत वर्षानुवर्षे निजून असतात आणि पाणी लागताच जागी होतात. इतक्या शांतपणे वाट पाहत राहण्याचा करार मृत्यूशी कोणी केला असेल?

"हात नाही घालायचा हं," टॅम्सिन दटावून म्हणाली. "त्यांचं घर आहे."

"नाही गं बाई," ऑर्व्हल कुजबुजला.

आर्डेथही गुडघे सांभाळत त्याच्या बाजूला पालथी झाली. कड्यापलीकडे सूर्य उतरला. तिघांच्या पाठीवरून तांबूस छाया सरकत गेली. भिंत पेटली असेल, विझलीही असेल. त्यांनी ती पाहिली नाही.

नंतर एकदा ऑर्व्हल आर्डेथला म्हणाला, "वाईट वाटलं गं. खोटं कशाला बोलू? पण तो तीन डोळ्यांचा मला अजून दिसतो." पुढच्या वसंतात त्याला तिचा चेहराही ओळखता येत नव्हता. आपण त्याला आधीच का पुढे पाठवले नाही, हे आर्डेथ अखेरपर्यंत स्वतःला विचारत राहिली. त्या प्रश्नाला उत्तर आहे, असे मला वाटत नाही.

ती गेली, त्याला आता काही वर्षे झाली. त्या उघड्या खडकावर वाट दाखवायला दगडांच्या लहान राशी रचलेल्या असतात. पूर्वी त्या सरळ कमानीकडे जात. आता कड्याच्या अलीकडे त्या उजवीकडे वळतात, पाण्याच्या काठाने जातात, आणि मग पुढे निघतात.