सुक्सीचा वास

२००१ च्या जून महिन्यात मी तिरोड्याच्या स्टेशनावर उभी होते. पायाशी एक पत्र्याची पेटी आणि हातात मायनं दिलेला डबा. पुण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. डब्यात भात आणि आदल्या दिवशी चोरखमाऱ्याच्या तलावातून आलेल्या मरळ मासोळीचं सुकं. गाडी दिसली तशी माय रडायला लागली. बाबा रडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "कोनी इचारलं तं नाव-गाव नीट सांगजो. लपवजो नोको."

मला तेव्हा कळलंच नाही, लपवायचं काय?

आमचं गाव तलावाच्या कालव्यावर. शेत दीड एकर, धानाचं. बाबा गावातल्या विहारात वंदना घ्यायचे, लग्नं लावायचे. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज असा लागायचा की बाहेर खेळणारी पोरंही थांबायची. त्यातलं पहिलंच शील प्राण्याची हिंसा न करण्याचं. आणि घरी आल्यावर ताटात मासोळी. लहानपणी मी एकदा विचारलंच, "बाबा, मग हे कसं?" बाबा म्हणाले की आपल्याकडे भन्ते येतात तेव्हा पात्रात जे पडेल ते घेतात. आपल्यासाठी मारताना पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर ते अन्न नाकारायचं नाही. "अन् आपल्या बापजाद्याईनं जे भेटलं त्यावर जीव जगवला. त्याले पाप मी नाही म्हननार." मला ते पूर्ण पटलं होतं असं नाही. पण बाबा प्रश्नावर चिडले नाहीत, हे लक्षात राहिलं.

शेजारी कटरे काका. पोवार समाजाचे, माळकरी. कांदालसूणही खात नसत. संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. बाबा जेवत असले तरी उठायचे नाहीत. एकदा माय ओशाळून म्हणाली, "भाऊजी, मासोळीचा वास येऊन राहिला असन." काका हसले. "माही माळ माह्या गळ्यात हाय वहिनी, तुमच्या नाही. जेवू द्या त्याले." त्यांच्या घरी आमच्यासाठी वेगळा कप होता, हे मी विसरलेली नाही. पुढे त्यांच्या सुनेनं तो मोडीत काढला. माणसं एका रंगाची नसतात, हे मी त्या ओसरीवर शिकले.

पुण्यात खोली शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा. "नॉनव्हेज खाता का?" तीन ठिकाणी मी हो म्हटलं आणि तीन ठिकाणी खोली "कालच गेली" होती. लॅबमधल्या मैत्रिणीकडे मी आठ दिवस जमिनीवर झोपत होते. चौथ्या घरी घरमालकीण काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नाही, आम्ही शाकाहारी."

इतकं सोपं होतं ते. खोली मिळाली, वरच्या मजल्यावरची, खिडकीशी सोनचाफा असलेली.

काकू वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा दोन दिवस मुगाची खिचडी वर आणून देत होत्या. चतुर्थीला मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी. मी त्यांच्याकडून उकड काढायला शिकले. त्या पाहुण्यांना सांगायच्या, "अगदी आपल्यासारखी आहे हो मुलगी." मला त्या 'आपल्यासारखी'चा अभिमान वाटायचा आणि रात्री तेच वाक्य टोचायचं. अडीच वर्षं मी बाहेरही मासा खाल्ला नाही. कपड्यांना वास येईल ही भीती. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवला होता, कपड्यांच्या खाली.

२००४ च्या जानेवारीत माय आली. एकटी, तिरोड्याहून पुण्यापर्यंत, तिच्या आयुष्यातला पहिला एवढा लांबचा प्रवास. पिशवीत नवे तांदूळ, लाखोळीची डाळ आणि फडक्यात बांधलेली सुक्सी. आमच्याकडे वाळवलेल्या बारीक मासोळ्यांना सुक्सी म्हणतात. वांग्यात टाकून केलेली सुक्सी मला किती आवडायची, हे तिला माहीत होतं. मी कामावर असताना तिनं स्टोव्ह पेटवला आणि सुक्सी भाजायला घेतली.

मी जिना चढत होते तेव्हाच वास आला. धावत वर गेले, खिडक्या उघडल्या, स्टोव्ह बंद केला. माय गोंधळली. "काऊन वं? सुक्सी हाय. चोरी नाही केली म्या." तेवढ्यात काकू दारात. नाकाला पदर लावलेला.

"कसला गं वास येतोय?"

मी म्हटलं, "काकू, मागचं गटार तुंबलंय वाटतं."

काकू गेल्या. मी वळले. मायनं कढई खाली उतरवली होती आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिनं सुक्सी परत फडक्यात बांधली, गरमच, बोटं भाजत. ती माझी माय. एक दिवस-रात्र प्रवास करून आली होती, आणि मी तिच्या हातच्या अन्नाला गटार म्हटलं होतं.

रात्रभर झोप नाही. सकाळी लॅबला जायच्या आधी मी खाली गेले आणि काकूंना सांगितलं. वास सुक्सीचा होता. आम्ही मासे खातो, मटण खातो. आम्ही बौद्ध आहोत. मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले.

काकूंनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या घरात देव आहेत. महिनाभरात दुसरी खोली बघ." थोडं थांबून पुन्हा, "खोटं कशाला बोललीस गं?" त्यांचे डोळे भरले होते. माझेही. पण मी त्यांना विचारलं, "खरं बोलले असते तर खोली दिली असती का?" मी आठवड्यातच खोली सोडली. जिना उतरताना बाबासाहेबांचा फोटो मी हातात धरला होता, पेटीत नाही.

पुढची दोन वर्षं मी दर रविवारी मासळीबाजारात जायचे. खरं सांगते, त्यातलं अर्धं खाणं भुकेचं नव्हतं, रागाचं होतं. मग एका ओळखीच्या बाईंबरोबर दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेले. दहा दिवस मौन, श्वासाकडे पाहणं. तिथे कोणी मला मांस सोड असं म्हटलं नाही. परत आल्यावर रविवारी बाजारात गेले, टोपलीत एका माशाचं तोंड अजून उघडझाप करत होतं, आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. त्यानंतर खावंसंच वाटलं नाही. एवढंच. कोणताही साक्षात्कार नाही.

गावी गेल्यावर हे सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "पुन्याच्या लोकाईनं तुले लाज शिकवली का? आमचं खानं आता तुले घान वाटते?"

"नाही बाबा. पयले मी भेवानं सोडलं होतं. आता मनानं सोडलं. तुमच्या ताटाले मी कदीच नाव ठेवनार नाही."

"मंग सोडलं कायले?"

मी कटरे काकांचं बोलणं सांगितलं, माळेचं. बाबांनी विषय सोडला. पटलं म्हणून की थकले म्हणून, माहीत नाही. आतून माय म्हणाली, "तुयासाठी वांगे येगळे काढले वं. ये जेवाले." गटाराच्या त्या दिवसाबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तवाच माफ केलं होतं. खाली गेलीस ना सांगाले."

आता गोंदियाकडून बऱ्याच मुली इकडे येतात, कंपनीत, नर्सिंगला. माझा फोन नंबर त्यांच्यात फिरतो. खोली शोधताना काय सांगायचं, असं विचारतात. मी म्हणते, खरं सांगा, आणि खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहा. कोणी शाकाहारी असते, कोणी नसते. माझ्या फ्लॅटमध्ये दोन कढया आहेत आणि दोन्ही एकाच ओट्यावर.

माय गेल्यावर, २०१३ मध्ये, बाबा पहिल्यांदा पुण्याला आले. मी बाजारातून रोहू आणला, स्वतः साफ केला, मायसारखाच चिंचेचा कोळ घालून रस्सा केला. सात वर्षांनी मासोळीला हात लावत होते. बाबांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मीठ कमी हाय."

"चाखून नाही पाह्यलं ना बाबा."

त्यांनी ओट्यावरच्या माझ्या ताटाकडे पाहिलं. मग हसले, मायच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच. "चालते वं. मीठ वरून घेता येते." त्यांनी चिमूटभर मीठ घेतलं, रश्श्यात कालवलं आणि भात पुढे ओढला. मी माझं वरणभाताचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी खाली बसले. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण घरी आहोत.