भाच्याच्या गाण्यापायी न सुटलेल्या माझ्या उपोषणाबाबत

अर्जदार: प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली, पाटोदा. सामनेवाला क्रमांक एक: अर्जदाराचा सख्खा भाचा, धंदा हेवी मेटल या प्रकारातील गायक. सामनेवाला क्रमांक दोन: सदर भाच्याची आई, म्हणजे अर्जदाराची धाकटी बहीण. घटनेची तारीख: गेल्या उन्हाळ्यातील एक बाजारचा दिवस. साक्षीदार: समोरचा चहावाला, तसेच त्या दिवशी बाजारास आलेला जनसमुदाय, ज्यांची नावे दिल्यास त्यांच्या सोयरिकी बिघडतील, सबब दिलेली नाहीत.

वस्तुस्थिती येणेप्रमाणे.

शाळेने मला नववीत सोडले की मी शाळेला, याबाबत घरात दोन मते आहेत. मात्र भाषेने मला सोडलेले नाही. तालुक्यात ज्याला काही मागायचे आहे तो आधी माझ्या टेबलाशी येतो. लोक मला वकीलसाहेब म्हणतात, काही मनापासून आणि बाकीचे चेष्टेने. मी दोन्ही प्रकार सारख्याच गांभीर्याने स्वीकारतो.

भाचा लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकलीत असे. त्याची आरोळी पलीकडच्या शिवारात ऐकू जाई आणि तिकडची पाखरेही उठत. पुढे नारायणगडाच्या यात्रेत गावच्या भजनी मंडळाने त्याला एकदा सोबत नेले, आणि पहिल्याच अभंगानंतर टाळ काढून घेऊन चपला सांभाळायला बसवले. इंजिनिअरिंगला पुण्यास गेल्यावर त्याला असे मित्र भेटले की ज्यांना ही आरोळीच हवी होती. आता तो दिवसा चाकणच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासतो आणि शनिवार-रविवारी काळे कपडे घालून गातो. त्याने मला प्रथम मोबाइलवर त्याचे गाणे दाखवले, तेव्हा मी ते शेवटपर्यंत ऐकले आणि त्यास दाढ काढून घेण्याचा सल्ला दिला.

त्याच्या राजकीय मतांबद्दल मला स्वतंत्र परिच्छेद करणे भाग आहे, कारण पुढील सर्व प्रकरण त्यावरच बिघडले. आमच्याकडे कोणी भेटला की तू कुणाचा माणूस, हे आधी विचारतात आणि पाणी नंतर देतात. भाचा उत्तर देई, "कुणाचाच न्हाई." हे उत्तर आमच्या जिल्ह्यात उत्तर म्हणून धरत नाहीत. पुढाऱ्याचा फोटो असलेल्या स्टेजवर तो चढत नाही, शाल-नारळ घेत नाही. शाल-नारळ न घेणारा माणूस एकतर महाराज समजला जातो, नाहीतर विरोधी गटाचा. त्याची गाणी मराठीत आहेत, ही गोष्ट मला त्याने लिहून दाखवली तेव्हाच कळली. एक टँकरवर होते, एक चौकातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बोर्डांवर. टँकरच्या गाण्यात 'पाणी कुठं मुरलं' अशी ओळ होती. मी लाल पेनने तेथे 'पिण्याच्या पाण्याबाबत सखोल चौकशी व्हावी' अशी दुरुस्ती सुचवली. त्याने कागद आदराने घडी करून खिशात ठेवला. दुरुस्ती अद्याप अमलात आलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या टेबलाशी आला आणि पक्षकाराच्या बाकावर बसला.

"मामा, बाजारतळावर कार्यक्रम करायचाय. परवानगीचा अर्ज लिव्हा."

"पाटोद्यात? तुझं हे? कोण ऐकणार हाय?"

"आई."

त्याच्या आईने त्याचे गाणे समोर बसून कधीच ऐकले नव्हते. मोबाइलवर लागले की माझे मेहुणे तो बंद करायला लावीत. गावात बायका तिला विचारत, पोरगं पुण्याला काय करतं? ती म्हणे, गातं. काय गातं? यावर ती पदर सावरून उठून जाई. भाच्याचे म्हणणे एवढेच होते की, तिने एकदा ऐकावे आणि मग बायकांना काय सांगायचे ते तिचे तिने ठरवावे. वाईट म्हणाली तरी चालेल, पण तिचे उत्तर तिच्याजवळ असावे.

मला हे पटले. मी त्या दिवशी इतर पक्षकारांना थांबवून तो अर्ज लिहिला, आणि अर्जदार म्हणून मामाच्या नात्याने सहीसुद्धा माझीच केली, कारण इतक्या सुंदर अर्जाखाली दुसऱ्याची सही मला बघवली नसती.

आता माझी एक पद्धत आहे. मी कोणताही अर्ज शेपटीशिवाय सोडत नाही. रेशन कार्डात नाव चढवायचे असो की बांधावरची बाभळ तोडायची असो, शेवटी 'अन्यथा अर्जदारास आमरण उपोषणास बसण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, याची नोंद घ्यावी' हे वाक्य येतेच. खाली प्रती: सत्ताधारी, विरोधी, आणि अधूनमधून राज्यपाल. कचेरीत अर्ज वरून वाचत नाहीत, खालून वाचतात, हा माझा अनुभव. हात आपोआप चालला. गाण्याच्या कार्यक्रमाच्या अर्जालाही ती शेपटी लागली आणि प्रती दोन्ही गटांच्या नेत्यांना गेल्या.

चौथ्या दिवशी आम्हा दोघांना ठाण्यातून बोलावणे आले. साहेबांनी माझा अर्ज खालूनच वाचलेला होता.

"वकीलसाहेब, उपोषण कशासाठी?"

"साहेब, कार्यक्रमासाठी."

"आणि कार्यक्रम कशासाठी?"

भाचा म्हणाला, "आईसाठी."

साहेबांनी दोघांकडे पाहिले. "तू कुणाचा माणूस बे?"

"कुणाचाच न्हाई."

"मग झालं. कार्यक्रमाला परवानगी देता येत न्हाई. आंदोलनाचा इशारा देणाऱ्याला गाण्याची परवानगी दिली तर वर काय सांगू? उपोषणाचं बघा. कचेरीसमोर मंडप टाका, एक भोंगा लावा, दिवस मावळायच्या आत उठा."

बाहेर आल्यावर भाच्याने अर्जाची माझ्याकडची प्रत घेऊन शेवटची ओळ वाचली. मग म्हणाला, "मामा, काहून लिव्हलं ते? गाण्यासाठी कोण उपाशी मरतंय का?"

"शेपटीबिगर अर्ज घेतच न्हाईत रे."

"तुमच्या शेपटीनं आईचं ऐकणं गेलं."

मी लिंबाखाली बसलो आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचा अर्ज वरून खाली वाचला. वाचता वाचता लक्षात आले की, कार्यक्रम गेला होता, पण भोंगा मंजूर झाला होता.

सबब बाजारच्या दिवशी मी उपोषणास बसलो. घरून निघताना पोटभर भाकरी-पिठले खाल्ले होते, चहावाल्याकडे भजीही घेतली होती, तरी गादीवर बसताच मला भूक लागली. भजीचा घाणा मंडपापासून हाकेच्या अंतरावर होता आणि वारा तिकडूनच येत होता. भाच्याचे मित्र पुण्याहून ढोल, गिटार आणि पेट्या घेऊन पिकअपमधून उतरले. सगळे काळ्या कपड्यांत. बाजारकरूंना वाटले, निषेध चांगलाच कडक आहे.

प्रती पोचल्या असल्यामुळे दोन्ही गटांचे कार्यकर्तेही आले. एकाने भाच्याला बाजूस घेतले. "आपल्या साहेबांवर एक गाणं म्हण, मागं बोर्ड आमी लावतो."

भाचा म्हणाला, "बोर्डावरचं गाणं हाय माझ्याकडं."

"मग तेच म्हण की."

त्याने तेच म्हटले. बहीण मेथीच्या जुड्या विकून आली होती, रिकामी पाटी उलटी ठेवून अगदी पुढे बसली. भाच्याने तिच्याकडे पाहिले, डोळे मिटले, आणि ज्वारीच्या रानातली ती आरोळी भोंग्यातून बाहेर आली. लिंबावरचे कावळे उठले. एक म्हातारा गोळ्या शोधू लागला. माझ्या पोटातील भजीसुद्धा हलली. लोकांना शब्द कळले नाहीत, पण उपोषणाच्या मंडपात कोणी ओरडले की काय करायचे ते आमच्या लोकांना कळते. तो श्वासाला थांबला की सगळे म्हणत, झालंच पाहिजे. तो पुन्हा ओरडे, लोक पुन्हा म्हणत. ढोलवाल्याने तो ठेकाच धरला. पुण्यात त्यांना असा कोरस कधी मिळाला नव्हता, असे तो नंतर म्हणाला. कार्यकर्तेही हात वर करून ओरडत होते, आपल्याच साहेबांच्या बोर्डाविरुद्ध.

मी फक्त बहिणीकडे पाहत होतो. ती ओरडत नव्हती. लेकाच्या मानेच्या शिरांकडे बघत होती.

ऊन उतरल्यावर दोन्ही गटांचे नेते एकाच वेळी लिंबूसरबताचे ग्लास घेऊन पोचले. माझे उपोषण कोणाच्या हस्ते सुटावे यावर थोडी ढकलाढकली झाली. मी चेहरा योग्य तेवढा म्लान केला आणि तोंड किंचित उघडले. तेवढ्यात बहीण उठली, एका नेत्याच्या हातातला ग्लास घेतला, तो माझ्या तोंडासमोरून नेला आणि लेकाच्या तोंडाला लावला.

"आधी त्याचा घसा बघा," ती म्हणाली. "दादा जेवून आलाय."

भाच्याने ग्लास संपवून विचारले, "आई, कसं वाटलं?"

"समदं कळलं न्हाई. पण कुणावर रागावलाय ते कळलं." तिने पाटी उचलली. "बरोबर रागावलाय."

एवढ्यावर तो रडेल असे मला वाटले नव्हते. मीही इकडेतिकडे पाहिले.

आता तक्रारीचा मुद्दा. गावात बायका विचारतात, पोरगं काय गातं? बहीण आता उठून जात नाही. सांगते, "मामा लिव्हतो तेच गातंय. फक्त ह्याचं ऐकू येतं." हे वाक्य माझ्या कानावर तीन निरनिराळ्या गावांतून आले आहे.

तरी विनंती की, सामनेवाला क्रमांक दोन हिने सदर विधानाचा उत्तरार्ध मागे घ्यावा, किंवा तो खरा असल्यास तसे मला समक्ष सांगावे. तसेच माझे उपोषण आजतागायत कोणाच्याही हस्ते सुटलेले नाही, याची दखल घेऊन बहिणीने स्वतः येऊन एक ग्लास सरबत पाजावे. मधल्या काळात मी जेवलो आहे, ही बाब विचारात घेऊ नये. उत्तराची वाट लिंबाखाली पाहत आहे. अन्यथा काय, ते या खेपेस लिहिलेले नाही.