अपंगत्वाची तारीख

ट्वायला स्टॅन्सिलने तेहेतीस वर्षं गुडघ्यांवर बसून काढली. डाल्टनच्या गिरणीत गालिचा मशीनमधून बाहेर आला, की त्यात कुठे एखादी ओळ सुटलेली असते, कुठे गोंडा बसलेला नसतो. ती जागा शोधायची आणि सुईने भरून टाकायची, हे तिचं काम. भरलेली जागा पुन्हा कुणाला सापडली तर काम वाईट झालं. त्यामुळे तिच्या कामाची खूण कुठेच उरलेली नाही. लोक त्या गालिच्यांवरून चालतात, एवढंच.

गेल्या फेब्रुवारीत ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत आली. तिथे दर गुरुवारी आम्ही काही निवृत्त मंडळी लोकांची करपत्रं फुकट भरून देतो. मी आधी बावीस वर्षं शाळेची बस चालवत होते. ट्वायला चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिने पर्समधून राज्याच्या कर खात्याचं पत्र काढलं आणि माझ्यासमोर उलटं ठेवलं.

"लॉरीन, मी खोटं लिहिलं असं म्हणतायत."

मी पत्र वाचलं. मागच्या वर्षीचं तिचं विवरणपत्रही सोबत होतं. आमच्या जॉर्जिया राज्यात ठराविक वयानंतर निवृत्तीचं उत्पन्न करातून वगळता येतं. त्यासाठी एक पुरवणी पत्रक असतं आणि त्यात पहिलीच चौकट जन्मतारखेची.

"इथे कुणाची तारीख घातलीस?"

"हॉइटची."

"का गं?"

"दरवर्षी तीच असते."

हॉइट तिचा नवरा. पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. फुप्फुसं निकामी होऊन त्याला जाऊन तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती. त्याच्या पेन्शनचा अर्धा भाग आता तिच्या नावाने येत होता, आणि पत्रक मात्र ती त्याच्यासारखंच, त्याच्याच जागी बसून, त्याचंच वय घालून भरत होती.

शेजारच्या टेबलावर करपत्रं भरणारा आमच्यातलाच ड्यूई पिकार्ड मान वर न करता म्हणाला, "माझ्या बायकोला जिवंत नवऱ्याची जन्मतारीख आठवत नाही."

"आठवण्यासारखा नवरा असता तर आठवली असती तिला," ट्वायला म्हणाली.

मी तिला समजावलं. पेन्शन आता तिची, तेव्हा वयही तिचंच धरणार. बासष्ट लागतं आणि तिला अठ्ठावन्न. पण एक वाट होती. माणूस कायमचा अपंग असेल तर बासष्टच्या आतही उत्पन्न वगळता येतं. सांध्यांच्या आजाराने तिची बोटं वळून गेली होती आणि वॉशिंग्टनच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडून तसं पत्रही तिला मिळालेलं होतं. दुरुस्तीचा अर्ज करायचा, आणि दोन चौकटी भरायच्या: अपंगत्वाची तारीख, अपंगत्वाचा प्रकार. तारीख पत्रात होती. अकरा मार्च. गिरणीतला तिचा शेवटचा दिवस.

मी पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"ही तारीख मी लिहिणार नाही."

"अगं, पत्रातच आहे."

"अकरा मार्चनंतर वीस महिने मी हॉइटला उचललंय. दिवसातून चार वेळा कुशीवर वळवलंय, चादरी बदलल्यात, अंघोळी घातल्यात. एवढा धिप्पाड माणूस. ह्याच हातांनी. ते कुणी केलं मग?"

"ते नोकरीबद्दल विचारतायत, ट्वायला."

"नोकरी हा शब्द कुठंय चौकटीत? दाखव मला."

तो नव्हता.

"मग कर भरावा लागेल. व्याजासकट."

"भरते."

"कशातून?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. चर्चमागच्या दफनभूमीत हॉइटच्या डोक्याशी अजून पत्र्याची पाटी होती, दफनविधीवाल्यांनी लावलेली. कबरीच्या दगडासाठी तिने पैसे बाजूला टाकले होते. ते गेले तर पाटी तशीच राहणार, वर्षभर, दोन वर्षं, कोण जाणे.

"दगडातून," ती म्हणाली आणि कोट घालू लागली. बटणं लावायला तिला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही.

नुसतं विचारलं, "एकटीने कशी वळवायचीस गं त्याला? मी माझ्या आईला उचललंय. धड हातांनीही जमायचं नाही."

"तो हलका व्हायचा," ती म्हणाली. "खांद्याखाली हात घातला की तो हलका व्हायचा."

ती दारापर्यंत गेली, क्षणभर तिथे थांबली, मग गेली.

पुढच्या गुरुवारी ती एक मोठी पिशवी घेऊन आली. आतून पलंगपोस काढला. पांढऱ्या सुती गोंड्यांचा, हॉइटच्या आईने हाताने केलेला. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत असा एखादा असतो. तिने पायाकडचा भाग टेबलावर पसरला. डावीकडे तळहाताएवढ्या जागेत गोंडे नवे दिसत होते.

"हे मी भरलेत. दोनदा. हा त्याच्याखाली असायचा, धुऊन धुऊन झिजत असेल असं वाटलं."

"मग?"

"धुऊन झीज सगळीकडे सारखी होते, लॉरीन. तक्रारी येऊन परतलेले गालिचे बघून मी सांगायचे, इथे खुर्ची होती, इथे कुणीतरी पाय रोवून उभं राहतं. तेहेतीस वर्षं." तिने वाकडं बोट त्या जागेवर ठेवलं. "ही टाच आहे. डावी टाच. माझा हात खांद्याखाली गेला की तो टाच रोवायचा आणि स्वतःला वळवायचा. श्वास पुरत नव्हता त्याला. आणि वर म्हणायचा, ट्वायला, खेचराची ताकद आहे तुझ्यात."

ड्यूई त्याच्या कागदांत बघत होता. कागद उलटत नव्हता.

"मी मानायचे ते," ती म्हणाली. "बायकांना सांगायचेसुद्धा."

तिने पलंगपोसाची घडी घातली. मग पेन मुठीत धरलं, लहान मुलं धरतात तसं, आणि अकरा मार्च लिहिलं. प्रकाराच्या चौकटीसाठी मी तिला आजाराचं लांबलचक नाव सांगू लागले. तिने मान हलवली आणि लिहिलं: हात. त्याखाली सही केली.

आजाराचं नाव मी सोबत जोडलेल्या पानावर घातलं. एप्रिलअखेर अर्ज मंजूर झाला.

दगड मे महिन्यात बसला. जोडीचा, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे: डावीकडे हॉइट, दोन्ही सालांसकट. उजवीकडे ट्वायला, जन्मसाल, एक आडवी रेघ, आणि पुढे कोरा गुळगुळीत दगड. त्या कोऱ्या जागेवरून तिने तळहात फिरवला, सावकाश, सुटलेली ओळ शोधताना फिरवायची तसा. मग म्हणाली, "चल, घरी घेवडा शिजत ठेवलाय."

आम्ही गाडीकडे चालू लागलो. बाहीचं सुटलेलं बटण तिने मला लावू दिलं.