काल्हेरच्या लॅबपर्यंत सोबत

परवा फोनवर तू सहज सांगितलंस, की कॉलेजात घेतलेला कॉम्प्युटर सायन्सचा मायनर तू सोडून दिलास. कंटाळवाणा होता, त्याऐवजी फोटोग्राफी घेतलीस. मी "बरं केलंस" म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. तुझं काही चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. का, ते तुम्हा दोघा भावंडांना सांगायला हवं. तोंडी सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तुमची आई घाबरेल, म्हणून लिहिते आहे.

आपल्या घराखाली पहिल्या मजल्यावर जे कुटुंब राहतं, त्यांची मुलगी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मागे आला होतात तेव्हा तिने तुम्हाला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना दाखवायला नेलं होतं आणि त्या आवाजाने तुम्ही कानात बोटं घालून परत आला होतात. शाळेत असल्यापासून ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. आता ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हल्ली इथेही तुमच्यासारखंच झालं आहे. मुख्य विषयाबरोबर एक दुसरा विषय मायनर म्हणून घ्यायचा. तिने कॉम्प्युटर सायन्स मागितलं. तिच्या कॉलेजात, म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ते नव्हतं. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात होतं, काल्हेरच्या बाजूला. आठवड्यातून दोन दिवस तिकडच्या लॅबमध्ये जायचं होतं.

तिचे वडील काल्हेरच्या गोदामांतून टेम्पो चालवतात. त्यांनी ऐकताक्षणीच नाही म्हटलं.

"तो रस्ता मना म्हाईत हाय. कंटेनर, ट्रक, दारू पिऊन पडलेले क्लीनर. पोरीला एकटी न्हाय पाठवणार."

"पप्पा, रिक्षाने जाईन ना."

"रिक्षावाला काय तुझा मामा हाय?"

भाऊ गोदामात शिफ्टला असतो. आईचा सकाळपासून पोळी-भाजीचे डबे देण्याचा व्यवसाय. मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली, काही मागितलं नाही. मीच खाली गेले आणि म्हटलं, "मी जाते तिच्याबरोबर."

वडील हसले. मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाही. "तुमी जाल तर माझी ना न्हाय, आजी," ते म्हणाले. इकडे एखाद्या मुलीला लांब पाठवायचं असेल तर सोबतीला वयस्कर बाई असली की प्रश्न मिटतो. ती बाई काही करू शकेल की नाही, हे कोणी विचारत नाही. ती बरोबर असली की झालं.

तर अशी मी या वयात कॉम्प्युटरच्या वर्गात जायला लागले. अंजूरफाट्यापर्यंत एक शेअर रिक्षा, तिथे रस्ता ओलांडून दुसरी. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, तिच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू. मी बाहेर बसायला तयार होते, पण शिकवणारे सर म्हणाले, "आत या हो, पंखा आतच आहे." तरुण मुलगा होता, तासिका तत्त्वावर नेमलेला. पहिल्याच दिवशी हजेरी संपवून माझ्याकडे वळला.

"आजी, तुमचीही लावू का हजेरी?"

"लावा. पण परीक्षेला बसणार नाही."

मागून एक पोरगं म्हणालं, "मग आमच्यासारख्याच की!" आणि सगळा वर्ग हसला. 

लॅब म्हणजे लांब खोली. निम्मी यंत्रं चालायची, म्हणून एकेका यंत्रावर दोघं-तिघं. मुलगे पुढे बसून कीबोर्ड धरायचे. आपली ही सुरुवातीला त्यांच्या खांद्यावरून बघायची. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी तिला डोळ्यांनी खुणावलं आणि तिने एका मुलाला सरळ सांगितलं, "उठ आता, तुझं झालं." तो उठला. ती बसली, आणि मग तिला उठवणं कठीण होऊन बसलं.

मी शेवटच्या बाकावर बसून ऐकायची. मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण एक दिवस सरांनी 'क्यू' शिकवला, म्हणजे रांग: जो आधी आला तो आधी बाहेर. घरी आल्यावर तिने ठरवलं की वडिलांच्या गोदामासाठी असा प्रोग्राम लिहायचा, टेम्पोंचे नंबर आले त्या क्रमाने माल भरायला सोडणारा. कारण वडील आपल्या पाळीची वाट बघत उन्हात तासन्‌तास उभे असतात, हे ती लहानपणापासून बघत होती. तिने तो वडिलांना माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवून दाखवला. त्यांनी नीट बघितलं.

"झकास हाय. पन आमच्याकरं असं न्हाय चालत. सुपरवायझरला ज्याने चहा पाजला त्याची गारी पहिली."

"मग त्याचं पण टाकते," ती म्हणाली, आणि खरंच टाकलं. चहा पाजणाऱ्याचा नंबर उडी मारून वर जायचा. वडील इतके हसले की शेजारचे डोकावले. त्या दिवशी मला वाटलं, हे जमणार. गुणपत्रिकेवर कॉम्प्युटर सायन्स लिहून येईल, त्याच गोदामांच्या काचेच्या ऑफिसात ती खुर्चीवर बसेल, कदाचित त्याच्याही पुढे जाईल. ती स्वतः इतकं मोठं बोलायची नाही. "आजी, हा विषय पुरा झाला पाहिजे" एवढंच म्हणायची.

पहिलं सत्र दुपारच्या वेळेत पार पडलं. ती उत्तम गुणांनी पास झाली. दुसऱ्या सत्राला वेळ बदलली. दिवसा लॅब मुख्य विषयवाल्यांना हवी होती. मायनरच्या मुलांना संध्याकाळ दिली. परतताना अंधार पडणार होता.

माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे तुम्हाला माहीत आहे. समोरचं दिसतं, वाचता येतं. बाजूचं दिसत नाही, आणि उजेड कमी झाला की समोरचंही पुसट होतं. मी ते खाली कोणाला सांगितलं नव्हतं, पण मुलीला कळायला वेळ लागला नाही. रस्ता ओलांडताना आधी मी तिचा हात धरायची. हळूहळू तिने माझा धरायला सुरुवात केली. एकदा तिच्या आईने आम्हाला गेटातून आत येताना पाहिलं. मी चाचपडत होते आणि पोरगी "पायरी आहे आजी, अजून एक" असं सांगत होती.

"आजी," आई म्हणाली, "आता कोन कोनाला नेतंय ते तरी सांगा."

आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी विचारलं की संध्याकाळी रस्त्यावरून चालण्यापुरतं तरी दिसेल असं काही करता येईल का. त्यांनी सांगितलं, जे गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंब घालून राखायचं. मग समजूत घालायला म्हणाले, "या वयात संध्याकाळी कुठे जायचंय तुम्हाला?" त्यांना काय सांगणार होते मी, की कॉलेजात?

त्यानंतर काही आठवड्यांनी ते झालं. अंजूरफाट्याला मेट्रोच्या खांबांपाशी रस्ता अरुंद झाला आहे. आम्ही ओलांडत होतो. डाव्या बाजूने एक ट्रक रिव्हर्स घेत येत होता, तो मला दिसला नाही, आणि एवढ्या हॉर्नांत क्लीनर ओरडतोय हेही समजलं नाही. पोरीने मला ओढलं. मी तिच्या अंगावर पडले, ती दुभाजकाच्या कडेवर. मला खरचटलं देखील नाही. तिची हनुवटी फुटली. रिक्षात तिने ओढणी तोंडाला दाबून धरली होती आणि त्यातूनच सारखी म्हणत होती, "आजी, पप्पांना सांगू नका तुम्हाला दिसलं नाही. सांगा, मी पाय घसरून पडले."

पण टाके पडले होते, आणि मी खोटं बोलले नाही. बोलून तरी काय उपयोग होता? पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच रस्ता, तोच अंधार, आणि मी तीच.

वडील ओरडले नाहीत. "झालं ते झालं," एवढंच म्हणाले. "आता न्हाय."

मी जे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. सरांना भेटले, वेळ बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, त्यांची स्वतःची नेमणूक पुढच्या वर्षी राहील की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. घरून शिकता येईल का विचारलं. प्रात्यक्षिकं लॅबमध्येच, हजेरी नाही तर परीक्षा नाही. आपल्या कामतघरातून तिकडे जाणारी आणखी एक मुलगी होती, ती भावाच्या मोटरसायकलवर जायची. रिक्षा कायमची लावून देते म्हटलं, तर वडिलांनी मान हलवली. मुलीने एकदाच तोंड उघडलं: "मी एकटी जाते. रोज त्या रस्त्याने बायका कामाला जातात ना?"

"त्या जातात म्हनून त्यांना काय काय सोसावं लागतं, ते मी बघतो," वडील म्हणाले. "तुला न्हाय दाखवायचं मला."

हजेरी भरली नाही. तिने मायनर बदलला. आता ती आपल्याच कॉलेजात जे आहे ते शिकते. आधीच्या सत्राचा काही उपयोग नाही, नव्या विषयाचं पहिल्यापासून करायचं. दुपारी जेवायला ती घरात असते. आई खूश आहे, डब्यांना हात मिळाला. मी लॅपटॉप खाली नेऊन दिला, म्हटलं, निदान तो रांगेचा प्रोग्राम पुढे वाढव. तिने तो घेतला, ओढणीने पुसला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला.

"ते आता कशाला, आजी."

रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. हल्ली वर येते ती भाजी हवी का विचारायला. हनुवटीवरचा व्रण पांढरा पडला आहे.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि मुलींना सांगत आले की शिकलात की रस्ता आपोआप सापडतो. हिची बुद्धी होती, जिद्द होती, आई-बाप वाईट नव्हते, शिकवणारा चांगला होता. माझे डोळे संध्याकाळी चालले असते तर ती आज त्या लॅबमध्ये बसली असती. ते आता सुधारायचे नाहीत, आणि दुसरं कोणी मला सापडलं नाही. रोज सकाळी उठून मी विचार करते, कोण राहिलं, कोणाला विचारलं नाही. सगळ्यांना विचारून झालं आहे.

काल दिवेलागणीला बाजारातून येताना तिचे वडील जिन्याखाली भेटले. दिवा गेला होता. मी कठडा शोधत होते.

"आजी, माझ्यावर राग हाय ना तुमचा?"

"नाही रे."

"तो रस्ता मना म्हाईत हाय, आजी. मी रोज तिथं असतो."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलं आणि मला वर आणून सोडलं. प्रत्येक पायरीला सांगत होते, "जपून. हितं पायरी हाय."